दौलतकाकाचं परतीचं तिकीट

अंदमानहून आल्यापासून आमच्या जवाहरनगरच्या क्वार्टरचं दार वाजायचं थांबलेलं नाही. फॅक्टरीची बस लागायच्या आधी एक येतो, सुटी झाल्यावर दोघं येतात, रविवारी तर लोक सहकुटुंब येतात. जहाजाचं बुकिंग कसं करायचं, केबिन घ्यावी की सामाईक हॉलातला बंक, उलट्या होतात का, जेवणात काय मिळतं? मी बिल सेक्शनमधला कारकून. लोकांची एलटीसीची, म्हणजे सरकारी प्रवास सवलतीची, बिलं तपासण्यात माझी बारा वर्षं गेली. कोण खरंच कन्याकुमारीला गेला आणि कोण सासुरवाडीला राहून आला, हे मला तिकिटाच्या घडीवरून कळतं. त्यामुळे माझ्या शब्दाला वसाहतीत वजन आहे. पण प्रत्येकाला तेच तेच सांगून जीभ थकली, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. बुकिंगचं तर सांगतोच, पण त्याच्यासोबत जे घडलं तेही सांगतो. ते वगळलं तर हे लिहिणं खोट्या बिलासारखं होईल.

अर्ज

पहिली गोष्ट, जहाज म्हणजे रेल्वे नव्हे. मद्रासहून पोर्ट ब्लेअरला महिन्यातून दोन-तीनदा जहाज सुटतं. तारीख जेमतेम आठ-दहा दिवस आधी कळते आणि मग तीही पुढे सरकते. म्हणून आधी जहाजाच्या ऑफिसला जवाबी पोस्टकार्ड टाकावं, उत्तर आल्यावरच रेल्वेचं आरक्षण करावं, आणि हाताशी चार दिवस जास्तीचे ठेवावेत. केबिन मागताना जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर मागावी. टोकाच्या केबिनमध्ये फार हलतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, परतीचं तिकीट जातानाच काढावं, नाहीतर बेटावर अडकून पडाल आणि रजा संपेल.

आम्ही तिघं जाणार होतो. मी, माझी बायको सुमन, आणि दिघोरीहून आलेले माझे वडील. पोरींना आजोळी ठेवलं होतं. मी अर्ज भरायला बसलो तेव्हा बाबा शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "जातानी तीन काढ. येतानी चार."

चौथं कोणाचं, असं मी विचारलं.

"दौलतचं. त्यालेच आनाले चाललो ना आपन. बिनातिकिटाचा आनू का त्याले?"

दौलत म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, माझा काका. मी पाचवीत असताना तो एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर अंदमानात लाकूडकटाईला गेला. दोन पत्रं आली, मग काही नाही. बारा वर्षं वाट पाहिली आणि मग रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा माणूस करून तो तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाळला. अग्नी बाबांनीच दिला. काकूनं बांगड्या फोडल्या, पुढे तीही गेली. तेव्हापासून बाबांचं एकच म्हणणं, "मी पानं जारली. मानूस नाही जारला."

आमच्याकडे असं मानतात, की दूर परमुलखात मेलेला माणूस आपणहून घरी येऊ शकत नाही. घरातल्या मोठ्यानं तिथं जावं, पाण्याकडे तोंड करून तीनदा नाव घ्यावं, मग पुढे चालावं. मागे वळून पाहायचं नाही. पण वाटेत वळण आलं, पायरी आली, गाडी आली, की त्याला सांगत राहायचं. सांगायचं राहिलं तर तो तिथेच उभा राहतो. घरी आणून बसवायचं, एक वेळ जेवू घालायचं आणि दुसऱ्या दिवशी मोकळं करायचं. बाबांचं वय सत्तरीच्या पुढे, छाती अधू. मरायच्या आधी एवढं एक काम त्यांना उरकायचं होतं.

मी नियम सांगितले. मेलेल्या माणसाच्या नावानं तिकीट निघत नाही. बाबा वाद घालत बसले नाहीत, त्यांनी जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी मी परतीच्या अर्जावर चौथं नाव लिहिलं. दौलत, वय पंचावन्न, प्रकृती ठीक. बारा वर्षं लोकांची लबाडी पकडणाऱ्या माणसानं हा खोटा कागद स्वतःच्या हातानं भरला. केबिन चार बर्थचीच असते, चौथा बर्थ घेतला की परका माणूस आत येत नाही, अशी मी मनाची समजूत घातली. ही सोयही खरीच आहे, ज्यांना परवडेल त्यांनी लक्षात ठेवावी.

मद्रास

जहाज दोन दिवस उशिरा सुटलं, म्हणजे माझा हिशोब बरोबर निघाला. धर्मशाळेत बाबांनी तिथला जाड उकडा भात बोटांनी चाचपून पाहिला आणि हा कोणत्या धानाचा म्हणून वाढप्याला विचारलं. वाढप्याला भाषा कळली नाही, त्यानं आणखी भात वाढला. सुमनची लोणच्याची बरणी बंदराच्या फाटकात फुटली. तेव्हा काचेची बरणी नेऊ नये, लोणचं ॲल्युमिनियमच्या डब्यातही भरू नये, चिनी मातीच्या लहान बरणीत भरून धोतराच्या फडक्यात गुंडाळावं. सोबत आवळासुपारी, ओवा, सुकं आलं. पहिल्या दिवशी पोटभर जेवू नये. मळमळलं तर केबिनमध्ये पडून राहू नये, डेकवर येऊन दूरवर पाणी आणि आभाळ जिथं भेटतं तिथं पाहावं.

जहाज सुटल्यावर मी तसं पाहिलं आणि मला बरं वाटलं. बाबांना मात्र तिथं पाहवेना. जन्म तलावाकाठी गेलेला माणूस. पाण्याला पाळ असते, सांडवा असतो, कुठून भरतं आणि कुठे जातं ते ठाऊक असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी समुद्र इतका सपाट झाला की एक सुरकुती दिसेना. वारा पडला. इंजिनाचा आवाज होता, पण पाणी गप्प होतं. डेकवरची माणसंसुद्धा हळू बोलू लागली, कोणी सांगितलं नसताना. बाबा कठड्याशी उभे होते. "पाळ नाही याले," ते म्हणाले. "मंग हे थांबते कायच्यानं?" खरं सांगायचं तर त्या घटकेला मला भीती वाटली, आणि कशाची ते सांगता आलं नसतं.

पोर्ट ब्लेअर

बेट हिरवंगार, घरं लाकडी, लोक देशभरातले. रांचीचे, बंगालचे, तामीळ, सगळे एकमेकांशी हिंदीत बोलतात आणि जात विचारायच्या आधी चहा विचारतात. आमच्याकडे हे उलट असतं. तुरुंग पाहिला, बाजार पाहिला. दोन दिवस लाकडाच्या आगारांमधून दौलतकाकाची चौकशी केली. जुने मजूर मान हलवायचे. त्या काळच्या टोळ्यांमधले किती तापानं गेले, किती झाडाखाली सापडले, कोण मोजणार, असं म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी जागा निवडली. एका लहानशा खाडीच्या काठी कापलेले ओंडके रचून ठेवले होते. बाबा पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. मी आणि सुमन शेजारी. ऊन लख्ख होतं, पाणी ओंडक्यांपर्यंत येऊन परत जात होतं. बाबांनी हाक मारली. दौलत. मग दुसरी. मग तिसरी.

"हव," मागून आवाज आला.

सबंध अंदमानात 'हो'ला 'हव' म्हणणारं कोणी मला भेटलं नव्हतं. मी वळणार, तोच बाबा माझा दंड धरून म्हणाले, "मांगं पाहू नोको." ते स्वतः पाण्याकडेच बघत राहिले. पावलं वाळूतून आली, आम्हाला वळसा घालून समोर थांबली. लुंगी नेसलेला म्हातारा, खांद्यांवर लाकडाचा भुसा, नाक थेट बाबांचं.

"मले कायले बोलावता, दादा?" तो म्हणाला. "मी तं इथंच आहो."

दौलतकाका जिवंत होता, त्याच ओंडक्यांवर कामाला होता. बाबा खाली बसले. त्यांनी त्याला पळसाच्या माणसाचं सांगितलं, लपवलं नाही. काकानं कोणता महिना म्हणून विचारलं, कोणतं साल म्हणून विचारलं. बाबांनी सांगितलं, तसा तो शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावायला लागला. त्या उन्हात.

"त्या चैतात माझं आंग तीन दिवस आगीवानी जरत होतं," तो म्हणाला. "ताप नवता. डाक्टरले समजलं नाही. मिस्त्रीनं समुद्राचं पानी ओतलं माह्यावर, तवा कुठं थंडावलो."

पुढचे चार दिवस आम्ही त्याच्या घरी जेवलो. बायको रांचीकडची, अबोल. मुलगी मीना, शाळेत शिकवते. मासळीभात, नारळाचा रस्सा, सगळं प्रेमानं. बाबा रोज त्याला घरी चल म्हणत आणि तो रोज नाही म्हणे. त्यानं भांडण काढलं नाही. लाज वाटते म्हणाला. पत्र लिहायचं आज-उद्या करत राहिलं, मग इतका उशीर झाला की लिहिण्यासारखं काही उरलं नाही. आता तिथं बायको नाही, शेताचे हिस्से झाले, गावानं जाळून टाकलं, कोणतं तोंड घेऊन यावं?

निघायच्या दिवशी बाबा मला म्हणाले, "तो नाही येत. मंग मी ज्याले न्याले आलो, त्यालेच नेतो."

मी म्हटलं, बाबा, माणूस जिवंत आहे. हाक कोणाला मारणार?

"हा इथला दौलत. मी जारला तो आपला. तो मले पायजे."

त्यांच्या बोलण्यात हट्ट नव्हता, तहान होती. मी थांबवायला हवं होतं. पण मला वाटलं, म्हाताऱ्याच्या समाधानाचा प्रश्न आहे, यात कोणाचं काय जातंय. बाबा एकटेच खाडीवर जाऊन पुन्हा तीनदा नाव घेऊन आले.

शिडी

सकाळची वेळ. जहाजाच्या शिडीशी पांढऱ्या कपड्यातला अधिकारी नावं तपासत होता. चौथा प्रवासी आजारी पडला, असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. बाबा पुढे झाले. डावा हात त्यांनी किंचित मागे धरला होता, लहान मुलाला नेताना धरतात तसा. शिडीशी येताच ते मोठ्यानं म्हणाले, "दौलत, शिडी आहे. जपून. हात धर."

रांगेतले लोक पाहू लागले. मी शरमेनं अर्धा झालो आणि हळू बोला म्हणून बाबांना दटावलं. अधिकाऱ्यानं चारही तिकिटांवर शिक्के मारले. मी म्हटलं, साहेब, आम्ही तिघंच आहोत. त्यानं वैतागून माझ्यामागे नजर टाकली आणि हिंदीत म्हणाला, चार गिने हैं, आगे बढ़ो.

वर जाऊन मी कठड्यावरून पाहिलं. धक्क्यावर काका आणि मीना आम्हाला निरोप द्यायला उभे होते. बाबांनी पुन्हा एकदा पायरीचं सांगितलं, तेव्हा काकाचे ओठ हलले. मग तो दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला. मीना त्याचा हात ओढत होती, काहीतरी विचारत होती. तो तिच्याकडे पाहत नव्हता, जहाजाकडेही नाही. भोंगा झाला, जहाज सुटलं, तरी तो तसाच बसून होता.

परतीचा प्रवास तीन दिवसांचा. बिछाने आवरायला येणारा माणूस दुसऱ्या दिवशी कुरकुरला, की खालच्या डावीकडच्या बर्थवाल्या साहेबांना सांगा, चादर झाडून झोपत जा, सगळीकडे भुसा करून ठेवतात. त्या बर्थवर आमचं कोणी झोपलं नव्हतं. मी म्हटलं, ओंडक्यांवर बसलो होतो, माझ्याच पिशवीतून पडला असेल. पण आधी सुमन त्या बर्थवर पाय पसरून बसायची, ते तिनं बंद केलं. जेवणाची थाळी घेऊन आत येताना ती डोक्यावरचा पदर सावरू लागली.

दिघोरी

मद्रासचं स्टेशन, नागपूर, भंडारा रोड, शहापूरचा फाटा, प्रत्येक ठिकाणी बाबा सांगत आले. एसटीच्या कंडक्टरनं विचारलं कोणाशी बोलता, तर भावासंगं म्हणाले. दिघोरीला पोचल्यावर घरात आपल्या पाटाशेजारी पाट मांडला, पानावर भात-वरण वाढलं. दुसऱ्या दिवशी मोकळं करायचं होतं.

बाबांनी केलं नाही. राहू दे दोन दिवस, म्हणाले. दोन दिवसांचे दोन महिने झाले. मी रविवारी जाई तेव्हा बाबा तलावाच्या पाळीवर बसलेले असत, शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. यंदा पाणी किती, धान कसं, कोणाचा बैल विकला, सगळं सांगत. मधेच थांबत आणि हसत. त्यांचे गाल भरले होते. छाती दुखायची थांबली होती. रीत मोडते आहे हे मला दिसत होतं, पण बापाला इतकं सुखात मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी गप्प राहिलो. हा माझा गुन्हा.

मग मीनाचं हिंदी पत्र आलं. ते मी पाळीवर बसून बाबांना वाचून दाखवलं. तिनं लिहिलं होतं, 'बाबूजी ज़िंदा हैं, पर घर में नहीं हैं.' जहाज सुटलं त्या दिवसापासून ते हाकेला ओ देत नाहीत. भरवलं तर जेवतात. दिवसभर एका जागी बसून तुमच्या गावचं बोलतात. धान कापायला आलं म्हणतात. भावाच्या घरी अंगणात नवी चूल घातली म्हणतात. शेवटी लिहिलं होतं, जसे घेऊन गेलात तसेच पोचवून द्या, आईकडे पाहवत नाही.

नवी चूल माझ्या धाकट्या भावजयीनं मागच्याच आठवड्यात घातली होती. पत्र तर त्याच्या आधीच टाकलेलं असणार. मी शिक्का दोनदा तपासला. शिक्के तपासण्यात माझी चूक होत नाही.

बाबा म्हणाले, "पुन्यांदा वाच. हळू. त्याले ऐकू दे."

मी पुन्हा वाचलं. मीनाच्या नावापाशी आलो तेव्हा बाबांनी हात वर केला. "उठला तो," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "एकटा कसा जाईन तो? त्याले वाट कोन सांगन? मलेच जा लागते."

बाबा, एलटीसी आता चार वर्षं नाही, असं मी म्हटलं. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही, याची आजही चीड येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खाटेवर बसले ते बसूनच राहिले. डोळे उघडे, भरवलं तर गिळत, हाकेला उत्तर नाही. डावा हात किंचित मागे. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा झटका सांगितला. मी रजा टाकून जवळ बसलो. अधूनमधून ते बोलत. "भंडारा रोड. गाडी आली, चढ." दोन दिवसांनी मद्रास. मग दोन दिवस काहीच नाही. जहाज उशिरा सुटत असेल, असं माझ्या मनात आलं आणि मीच दचकलो. पाचव्या दिवशी म्हणाले, "शिडी आहे. हात धर." आणि मग त्यांचं अंग डुलू लागलं. खाट हलत नव्हती, वारा नव्हता, पण बाबा तीन दिवस या अंगाहून त्या अंगाला हळूहळू डुलत होते. सुमन त्यांच्या उशाशी ओवा ठेवून गेली. चौथ्या दिवशी उजाडताना त्यांचं डुलणं थांबलं.

वीस दिवसांनी मीनाचं दुसरं पत्र आलं. बाबूजी उठले, त्यांनी मासळीभात मागून घेतला, आईशी बोलले. आता रोज खाडीवर जाऊन ओंडक्यांवर बसतात. कोणाशी तरी बोलत असतात, त्याला दादा म्हणतात, आणि दोघं मिळून हसावं तसे हसतात. तुमचे उपकार कसे फेडू, असं तिनं लिहिलं होतं.

आता बाबांना आम्ही जवाहरनगरला आणलं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते खाटेवर दिसतात, लोक त्यांना नमस्कार करून मग मला बुकिंगचं विचारतात. बाबांच्या खालोखाल घरात मोठा मीच, तेव्हा हाक मलाच मारायला हवी. शिडीपाशी ज्या हाकेची मला लाज वाटली, ती खाडीच्या काठी उभं राहून तीनदा मारायची आहे. लाज आता राहिली नाही. भीती एवढीच, की बाबा हव म्हणतील का? तिथं त्यांचा भाऊ आहे. इथं मी आहे, आणि मी त्यांना चार माणसांत दटावलं होतं.

काल बऱ्याच दिवसांनी ते बोलले. सुमन भात भरवत होती, त्यांनी घास तोंडात धरला आणि समोर पाहत म्हणाले, "इथंच बरं आहे, दौलत."

सुमननं हातातलं ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी जहाजाच्या ऑफिसला पोस्टकार्ड लिहायला बसलो.